सामुदायिक ग्रंथालयात एलजीबीटी समाजाचं दुर्मिळ साहित्य कसं जमवावं आणि कसं जपावं?

ग्रंथालय छोटं आहे, पैसे बेताचे आहेत, तेव्हा कोणत्या पुस्तकांपासून सुरुवात करू, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: पुस्तकांपासून करूच नका. छापील पुस्तकाची एखादी प्रत कुठे ना कुठे सापडते. कायमची जातात ती झेरॉक्स काढून वाटलेली वार्तापत्रं, बैठकीची पत्रकं, मोर्च्यातले फलक, बिल्ले, टोपणनावानं लिहिलेली पत्रं. माणूस गेला की घरचे लोक आधी हेच टाकून देतात, कधी नकळत, कधी लाजेपोटी. म्हणून चळवळीतली वयस्क मंडळी आहेत तोवर त्यांना भेटा. प्रसिद्धच माणसं शोधू नका. न्यूयॉर्कचं ‘लेस्बियन हरस्टोरी अर्काइव्हज’ हे समलिंगी स्त्रियांच्या कागदपत्रांचं संग्रहालय १९७० च्या दशकात एका राहत्या फ्लॅटमध्ये सुरू झालं आणि १९९३ मध्ये ब्रुकलिनमधल्या स्वतःच्या इमारतीत गेलं. सामान्य स्त्रियांची पत्रं, फोटोही तिथे तितक्याच अगत्यानं ठेवले जातात.

अशा संग्रहाच्या याद्या करण्याचं काम मी करते. माझ्या अनुभवात सगळ्यात मोलाचा वेळ म्हणजे खोकं घेऊन आलेल्या माणसाशेजारी बसून घालवलेला तास. फोटोत कोण आहे, कधीचा आहे, कुणी काढला? आणि मुख्य म्हणजे, फोटोतली ही बाकीची माणसं आउट होती का, म्हणजे आपली लैंगिक ओळख उघडपणे सांगत होती का, आज सांगतात का? हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. उत्तरं तिथल्या तिथे लिहून घ्या. दात्याशी लेखी करार करा: वस्तू कुणाच्या मालकीची, कुणी पाहायची, किती वर्षं बंद ठेवायची. एक गोष्ट बरेच जण विसरतात. पत्र ज्याला आलं त्याच्याकडे कागद असतो, कॉपीराइट मात्र लिहिणाऱ्याकडेच राहतो.

स्कॅन करून सगळं इंटरनेटवर टाकायचा मोह होईल. ‘ऑन अवर बॅक्स’ या अमेरिकन लेस्बियन मासिकाचे जुने अंक असेच ऑनलाइन आले होते. त्यात कामुक छायाचित्रं होती. मर्यादित खपाच्या छापील अंकासाठी दिलेली संमती म्हणजे नाव टाकून शोधता येईल अशा जगासाठी दिलेली संमती नव्हे, असा आक्षेप आला आणि २०१६ मध्ये ते अंक काढून घ्यावे लागले. जपण्यासाठी स्कॅन जरूर करा, पण तो सगळ्यांना दाखवणं हा वेगळा निर्णय आहे. सदस्यांच्या याद्या आणि हेल्पलाइनच्या नोंदवह्या तर कुलपातच बऱ्या.

कागद जपणं त्या मानानं सोपं. वार्तापत्रांचा स्वस्त कागद स्वतःतल्याच आम्लानं पिवळा पडून तुटतो, म्हणून आम्लमुक्त फोल्डर आणि खोकी घ्या. गंजणाऱ्या पिना काढा. सेलोटेप आणि लॅमिनेशन कधीच नको. लॅमिनेशन परत निघत नाही. फोटोंना पॉलिएस्टरची पाकिटं चालतात, पीव्हीसीची नाहीत. नोंद मऊ पेन्सिलीनं करा. खोली कोरडी, अंधारी आणि शक्यतो सम तापमानाची असावी. फॅक्सच्या थर्मल कागदावरची अक्षरं उडतात, त्याची झेरॉक्स आजच काढा. ऑडिओ आणि व्हिडिओ कॅसेट मात्र सगळ्यात आधी डिजिटल करा, कारण टेप खराब होतेच, शिवाय ती वाजवणारी यंत्रंही संपत चालली आहेत.

वर्गीकरणाबद्दल थोडंसं. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई पद्धतीच्या १९३२ च्या आवृत्तीत समलैंगिकता मानसिक विकारांजवळ होती. आता ती ३०६.७६ या सामाजिक विभागात आहे. जुने विषयशब्द डोळे मिटून उचलू नका. ‘होमोसॉरस’ ही याच विषयासाठी केलेली शब्दसूची मोफत मिळते. जुन्या कागदावरचा अपमानास्पद शब्द मात्र शीर्षकात तसाच ठेवा, तो पुरावा आहे.

आणि सगळं एकाच छपराखाली ठेवू नका. समलैंगिकांच्या हक्कांसाठी झटणारे जर्मन डॉक्टर माग्नुस हिर्शफेल्ड यांनी १९१९ मध्ये बर्लिनमध्ये उभी केलेली लैंगिक विज्ञानाची संस्था ६ मे १९३३ रोजी नाझी विद्यार्थ्यांनी लुटली आणि चारच दिवसांनी तिथली पुस्तकं चौकात जाळली. आज आग, पूर किंवा बंद पडलेली हार्ड डिस्क पुरेशी आहे. डिजिटल फाइलच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावी. ग्रंथालय बंद पडलं तर संग्रह कुणाकडे जाईल, हेही दात्याच्या करारातच लिहून ठेवा.