सोसायटीतली मांजरं पकडून रानात सोडायला निघालेत, काय करू?

तुमच्या फोंड्याच्या सोसायटीत मांजरं वाढली म्हणून ती पकडून बोंडल्याच्या रानात सोडायची आणि खाऊ घालणाऱ्यांना दंड लावायचा, असा ठराव झालाय. दोन्ही गोष्टी थांबवा, लेखी हरकत घ्या.

प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ मधला विसावा नियम सोसायटीवरच जबाबदारी टाकतो: खाणं घालायची जागा ठरवून द्या, मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून, येण्याजाण्याच्या दारापासून लांब. खाऊ घालणाऱ्यानं ती स्वच्छ ठेवायची. आणि उपाशी मरेल अशा ठिकाणी जनावर टाकून देणं हा १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. त्यात बोंडला अभयारण्य, तिथल्या पाखरांनी काय घोडं मारलंय?

पण नुसता कायदा दाखवून समिती ऐकणार नाही, आणि तिची तक्रार खोटीही नाही. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येते, नऊ आठवड्यांत विते, पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून नसबंदी एकेक करून भागत नाही. थोड्या काळात बहुतेक सगळ्यांची करा, मांजरी आधी. बोके नंतर केले तरी चालतील, पण करा, कारण रात्रीचं ओरडणं आणि दारात मुतणं त्यानंच कमी होतं. समितीला पटवताना हाच मुद्दा पुढे ठेवा.

पिंजरा आधी काही दिवस दार बांधून उघडा ठेवा आणि रोजचं खाणं त्यातच द्या. पकडायच्या दिवशी तारल्याचा वास पुरतो. दार पडलं की लगेच चादर टाका, अंधारात जनावर शांत होतं. शस्त्रक्रियेआधी उपाशी किती वेळ ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा. मांजरीच्या सडांना दूध दिसलं तर मात्र सोडून द्या, कुठेतरी पिल्लं वाट बघत असतील. भुलीतच कानाचं टोक कापून घ्या, ती नसबंदी झाल्याची खूण, म्हणजे तीच मांजरी पुन्हा दवाखान्यात नेली जाणार नाही. रेबीजची लसही त्याच वेळी.

खाण्याची वेळ एकच ठेवा, अर्ध्या तासात ताटल्या उचला. बांगड्याची डोकी उघड्यावर टाकणारे शेजारी असतील तर त्यांच्याशी आधी बोला, निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात. समितीच्या पत्रात दोन नावं द्या, पिंजरा आणि दवाखान्याची जबाबदारी घेणारी. नसबंदी कुठे होईल ते पालिकेत आणि पशुसंवर्धन खात्याच्या दवाखान्यात विचारा. हे सगळं पावसाआधी उरका, जूननंतर पिंजरा भिजत ठेवता येत नाही.