पसाऱ्यात लिहू की आवरून?

प्रश्न : मी कथा लिहिते. टेबलावर कायम पसारा, घरचे म्हणतात आधी आवर मग लिही, पण आवरलं की सुचतच नाही. माझंच काही चुकतंय का?

उत्तर : अहो, अजिबात नाही. २०१३ साली मिनेसोटा विद्यापीठातल्या कॅथलीन व्होस आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग आला होता, काहींना आवरलेल्या खोलीत बसवलं, काहींना पसाऱ्यात, आणि पिंगपाँगच्या चेंडूचे नवीन उपयोग सुचवायला सांगितले, तर आयडिया दोन्हीकडे साधारण तेवढ्याच आल्या पण पसाऱ्यातल्यांच्या जास्त भन्नाट निघाल्या. आता एवढ्यावरून घरच्यांशी भांडू नका हं, चेंडूचे उपयोग सुचणं वेगळं आणि कथा शेवटपर्यंत नेणं वेगळं. डोळ्यांसमोर खूप वस्तू असल्या की मेंदूचं लक्ष त्यांच्यात वाटलं जातं, त्यामुळे वाक्यं छाटताना पसारा नडतोच. मला विचाराल तर कच्चं लिहिताना राहू द्या सगळं, एडिटिंगला बसताना फक्त समोरची हातभर जागा मोकळी करा, ढीग नुसता बाजूला सरकवला तरी चालतो. आणि हो, लिहिणं टाळायला म्हणून आवराआवर चालू असेल तर ते मात्र वेळीच ओळखा, त्यात अख्खी सकाळ जाते.