आठव्या महिन्यात डोळ्यापुढे आलेला डाग

प्रश्न : मला ३४वा आठवडा चालू आहे. गेल्या आठवड्यात सकाळी उठले तेव्हा डाव्या डोळ्यासमोर मध्यभागी राखाडी गोल डाग दिसू लागला आणि दाराची सरळ चौकट त्या जागी वाकलेली दिसली. दुखत मात्र नव्हते. मला मधुमेह नाही. नेत्रतज्ज्ञांनी डोळा पाहण्याआधी रक्तदाब मोजला, लघवी तपासली. दोन्ही ठीक निघाले. मग ओसीटी (प्रकाशाने डोळ्याच्या पडद्याचे थर पाहण्याची तपासणी) करून पडद्याखाली, म्हणजे दृष्टिपटलाखाली, पाणी साठल्याचे सांगितले, परंतु डाय (रंगद्रव्य) टोचून करायची डोळ्यातील रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी नको म्हणाले. तपासणी अर्धवट तर राहिली नाही ना?

उत्तर : नाही, उलट ती योग्य क्रमाने झाली आहे. २० आठवड्यांनंतर गर्भवतीची दृष्टी अचानक अधू झाली, तर दंडाला बांधायचा पट्टा हेच डोळ्याच्या तपासणीचे पहिले उपकरण ठरते. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक असून लघवीतून प्रथिने जात असतील, तर दृष्टिपटलामागच्या रक्तवाहिन्या आकसून पटलाखाली पाणी साचू शकते. तसे असते तर प्लेटलेट आणि यकृताच्या तपासण्या करून तुम्हाला त्याच दिवशी प्रसूतितज्ज्ञांकडे पाठवावे लागले असते, कारण तेथे डोळ्याआधी आई आणि बाळाचा जीव सांभाळायचा असतो.

एकाच डोळ्यात, मध्यभागी, न दुखता आलेला डाग आणि वाकलेल्या रेषा, हे तुमचे वर्णन सेंट्रल सीरस कोरिओरेटिनोपथीशी जुळते. यात बारीक अक्षरे वाचण्याच्या नेमक्या जागेखाली पाणी झिरपते. गर्भारपणात हा विकार बहुधा शेवटच्या तिमाहीत दिसतो आणि शरीरातील वाढलेले कॉर्टिसॉल (शरीर स्वतः बनवते ते स्टेरॉईड) त्याला हातभार लावते, असे मानले जाते. उलटीच्या उबळीने पटलापुढे रक्तस्राव झाला असता, तर डॉक्टरांना तो पाहताक्षणी दिसला असता. पटल फाटून सुटले असते, तर तुम्हाला चमका, काळे ठिपके किंवा कडेने सरकणारी सावली जाणवली असती.

ओसीटीमध्ये केवळ प्रकाशाच्या साहाय्याने पटलाचे थर उभे चिरल्यासारखे दिसतात आणि साचलेले पाणी थेट मोजता येते. अँजिओग्राफीचा डाय वारेतून बाळापर्यंत पोहोचतो. त्याने अपाय झाल्याचे सिद्ध झालेले नसले, तरी ज्या तपासणीने उपचार बदलणार नाहीत ती आता न करण्याचा निर्णय मला योग्य वाटतो. हे पाणी बहुतेक वेळा प्रसूतीनंतर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप ओसरते.

तोवर एकेक डोळा झाकून चौकटीच्या वहीवरील रेषा पाहत जा. दम्याचा फवारा, मलम किंवा गोळी अशा कोणत्याही रूपात स्टेरॉईड घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. ते स्वतःहून बंद करू नका. रक्तदाब एकदा ठीक आला म्हणून पुढे मोजायचा राहू नये, आणि डोके ठणकू लागले, बरगडीखाली उजवीकडे दुखू लागले किंवा दुसऱ्या डोळ्यालाही अंधुक दिसू लागले, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा. प्रसूतीनंतर पुन्हा ओसीटी करून घ्या. तेव्हाही पाणी टिकून राहिले आणि अँजिओग्राफीचा विषय निघाला, तर बाळ अंगावर पीत असल्याचे आधी सांगा, कारण हा डाय काही दिवस दुधातून उतरतो.