शरीरक्रियाशास्त्राचा अभ्यास सुरू करताना

पचन, श्वसन अशा शरीरातील सर्व संस्थांची प्रकरणे एकदम वाचायला घेऊ नका. शरीर आपले अंतर्गत वातावरण स्थिर कसे राखते, हे प्रथम समजून घ्या, कारण पुढील जवळजवळ प्रत्येक प्रकरण याच कल्पनेवर उभे आहे. जेवणानंतर रक्तातील ग्लुकोज वाढते, स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवते, त्यामुळे स्नायू व मेदपेशी ग्लुकोज आत घेतात, यकृत त्याचे ग्लायकोजेन करून साठवते, आणि ग्लुकोज खाली आले की इन्सुलिनचा स्रावही कमी होतो. ही साखळी पुस्तक मिटून स्वतः काढता आली, की ‘निगेटिव्ह फीडबॅक’ची, म्हणजे झालेला बदल स्वतःलाच उलट दिशेने आवर घालतो या यंत्रणेची, व्याख्या पाठ करावी लागत नाही.

त्यानंतर रक्ताभिसरण घ्यावे. मिनिटाला ७० ठोके आणि प्रत्येक ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त, म्हणजे मिनिटाला जवळपास ५ लिटर, हा गुणाकार स्वतः करून पाहा. असे आकडे एककांसह लिहिण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका अशा:

- धमनीतील रक्त नेहमी ऑक्सिजनयुक्त असते, असे मानणे. धमनी हृदयापासून रक्त दूर नेते, एवढाच तिचा अर्थ आहे. फुफ्फुस धमनीतील रक्तात ऑक्सिजन कमी असतो.
- श्वासोच्छ्वास (हवा आत-बाहेर करणे) आणि पेशीतील श्वसन (पेशीने अन्नघटकांतून ऊर्जा मिळवणे) एकच समजणे.
- आकृत्या केवळ पाहणे, काढणे नाही.

चेतापेशीतील आयनांच्या (विद्युतभारित कणांच्या) हालचाली आणि मूत्रपिंडात मूत्र संहत, म्हणजे दाट, कसे होते याचे बारकावे दुसऱ्या वाचनासाठी निःशंकपणे राखून ठेवा.