जर्सी आत्ता मागवू नका, आणि मुलीला ‘तो कुठे जात नाही’ असंही सांगू नका

(हे उत्तर जुलै २०२५ च्या शेवटच्या आठवड्यातलं.) तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि बायकोलाही वाचून दाखवला. ती म्हणाली, “हे तर आपलंच २०२१!” तुम्ही ॲरिझोनातल्या फिनिक्सला, नऊ वर्षांची लेक तिथल्या डायमंडबॅक्स या बेसबॉल संघाच्या युजेनियो सुआरेझच्या मागे वेडी. एप्रिलमध्ये त्याने ब्रेव्ह्जविरुद्ध एकाच सामन्यात चार होमरन (आपल्या षटकारासारखे) मारले तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही, आणि आता ट्रेडच्या, म्हणजे हंगामातच संघांनी आपसात खेळाडू देण्याघेण्याच्या, अफवांत रोज सकाळी तो नव्या गावाला निघालेला असतो. त्याच्याच संघातला जोश नेलर तर परवा सिएटलला गेलाच. वाढदिवसाला सुआरेझच्या नावाची जर्सी मागवू का, आणि ऑगस्टची तिकिटं ठेवू की विकू, असं तुम्ही विचारलंय.

तिकिटं ठेवा. जर्सी थांबवा. का ते सांगतो, जरा लांबण लागेल.

आम्ही तेव्हा शिकागोजवळ होतो, अजूनही आहोत. मुलगा अकरा वर्षांचा, अँथनी रिझोचा भक्त. २०१६ मध्ये १०८ वर्षांनी आमचा शिकागो कब्ज हा संघ अजिंक्यपद जिंकला तेव्हा शेवटचा चेंडू त्याच संघातल्या ब्रायंटने अडवून फेकला आणि रिझोच्या ग्लव्हमध्ये गेला, हे पोराला रामरक्षेपेक्षा पक्कं पाठ. २०२१ च्या वसंतात रिझोच्या नव्या कराराची बोलणी फिसकटली. मी बातमी वाचली आणि सोडून दिली. २७ एप्रिलला त्याच्या नावाची जर्सी मागवली. जून अखेरीपर्यंत संघ वर होता. २४ जूनला लॉस एंजलिसला आमच्या चार पिचरांनी, म्हणजे गोलंदाजांनी, मिळून डॉजर्सना एकही हिट (फटका मारून बेस गाठणं) दिली नाही. त्यानंतर लागोपाठ अकरा सामने हरले. आणि अफवा सुरू झाल्या.

पोराने विचारलं, “बाबा, रिझो जाणार?” मी म्हणालो, “छे! असल्या माणसाला कोण विकतं?”

माझी खरी चूक हीच. मी गुणतक्ता बघत होतो, बघायला हवी होती कराराची तारीख. रिझो, ब्रायंट आणि कब्जचाच बाएझ, तिघांचेही करार त्याच वर्षी संपत होते. बाकी सगळं, म्हणजे हे म्हणतात, ते म्हणतात, नुसती हवा. २९ जुलैला रिझो यँकीजकडे, दुसऱ्या दिवशी बाएझ मेट्सकडे आणि ब्रायंट जायंट्सकडे. दोन दिवसांत घर रिकामं.

आता दुकानाचं. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. त्यांची जाहिरात अशी, की खेळाडूने संघ बदलला तर ९० दिवसांत जर्सी बदलून देऊ. जुलैच्या मध्याला मी फोन केला. बाई गोड आवाजात म्हणाल्या, “सर, अफवेवर बदलून मिळत नाही. ट्रेड झाला की फोन करा.” बरं म्हटलं. झाल्याच्या रात्री फोन केला, पाऊण तास गाणं ऐकलं, आणि उत्तर आलं, “मुदत संपली.” जर्सी माझ्या हातात पडली ११ मेला, पण यांचे दिवस मोजायचे ऑर्डरच्या तारखेपासून. त्र्याण्णव दिवस झाले होते. तीन दिवसांनी गेलो! पंधरा दिवसांपूर्वी त्याच बाईंनी माझी ऑर्डर समोर उघडली होती. मुदत कधी संपते तेवढं एक वाक्य सांगायला काय जात होतं? मी तीन ईमेल लिहिले, तिन्हींना तेच छापील उत्तर. असो. अजून रक्तदाब वाढतो.

(मी वकील नाही, बेसबॉलचा पंडितही नाही. दुकानागणिक अटी वेगळ्या असतात, बदलतही राहतात. स्वतः वाचा, आणि फोनवर जे सांगतील ते ईमेलने लिहून मागा.)

तर तुमच्याकडे हेच लावून बघा. सुआरेझ आणि त्याच्याच संघातले मेरिल केली, झॅक गॅलन, तिघांचेही करार यंदा, २०२५ मध्ये, संपतायत. दहा वर्षं मोठ्या लीगमध्ये आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात काढली असतील तर खेळाडूला ट्रेड नाकारता येतो. सुआरेझचं ॲरिझोनातलं हे दुसरंच वर्ष, त्यामुळे तो हक्क त्याला नाही. माझ्या मते तो जाईल. चुकलो तर आनंदच आहे. एक गोष्ट मात्र उलट बाजूची. संघाने खेळाडूला हंगामभर ठेवून शेवटी ठरलेल्या रकमेची एका वर्षाची ऑफर दिली आणि ती नाकारून तो दुसरीकडे गेला, तर ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेरीत, संघाला जादा निवड मिळते. मध्येच विकत घेणाऱ्या संघाला ती सोय नाही. म्हणून समोरून मिळणारा माल पुरेसा वाटला नाही तर कधीकधी ठेवूनही घेतात.

वाढदिवसाला जर्सी हवीच असेल तर त्याच संघातल्या कॉर्बिन कॅरल किंवा केटेल मार्टेची घ्या, दोघांचेही करार २०३० पर्यंत आहेत. किंवा मागे नाव नसलेली घ्या. पोरांना ती आवडत नाही, हेही खरं.

भारतातल्या नातेवाइकांना हे समजावणं वेगळं प्रकरण. आयपीएलमध्ये हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईत आला तो नोव्हेंबरात, दोन हंगामांच्या मधे. इथे काल ज्याच्या नावाने ओरडलो तो आज समोरच्या डगआउटमध्ये. माझ्या वडिलांना मात्र एका मिनिटात कळलं. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. व्हिडिओ कॉलवर नातवाला म्हणाले, “म्हणजे बदली रे! आमच्याकडेही दरवर्षी उठायच्या. ऑर्डर हातात पडेपर्यंत तुझी आजी बिऱ्हाड बांधायची नाही, पण त्या वर्षी परसात वांगीही लावायची नाही.” पोरगा रडता रडता हसला. मी पंधरा दिवस जे समजावत होतो त्यापेक्षा हे बरं होतं.

ट्रेडची शेवटची मुदत येत्या गुरुवारची, ३१ जुलैची, अमेरिकेच्या पूर्वेकडच्या घड्याळाने संध्याकाळी सहा. ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करत नाहीत, म्हणून तुमच्याकडे दुपारी तीन. त्या दुपारी मुलीच्या हातात टॅब देऊ नका. ट्रेडच्या बातम्या आधी देणारे पत्रकार रोझेंथल आणि पासन यांच्या नावाची बनावट खाती त्या दिवशी पावसातल्या छत्र्यांसारखी उगवतात, स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे. आम्ही रिझोला अशाच एका खात्यावरून आधी बॉस्टनला पाठवून झालो होतो. बातमी संघाने स्वतः दिल्याशिवाय तिला सांगू नका, आणि दिली की तुम्हीच सांगा, शाळेतल्या कुणाकडून कळायला नको.

तिकिटं का ठेवा? कारण अफवांच्या आठवड्यात भाव पडलेले असतात, आत्ता विकाल तर मातीमोल जातील. शिवाय तिला दुसरं कुणी आवडू शकतं. बाएझच्या बदल्यात मेट्सनी आम्हाला एक पोरगा दिला होता, पीट क्रो-आर्मस्ट्राँग. तेव्हा मी म्हणालो होतो, हा कोण? यंदा ऑल-स्टार (निवडक खेळाडूंच्या) सामन्यात तो सुरुवातीच्या नवांत होता, आणि आमच्या घरी भिंतीवर आता त्याचं पोस्टर आहे. रिझोने यँकीजसाठी पहिल्याच सामन्यात होमरन मारला, तोही आम्ही बघितला, पोराने त्याच निळ्या जर्सीत बसून. ती आता त्याला होत नाही. कपाटात आहे, टाकून देऊ देत नाही.