आजोबा, सगळ्यांना दोन-दोन नाकं!

प्रश्न : रविवारी नऊ वर्षांच्या मुलाला आणि सासूबाईंना थ्रीडी सिनेमाला न्यायचंय. साधं थ्रीडी, आयमॅक्स थ्रीडी आणि फोरडीएक्स असे तीन पर्याय दिसतात. सासूबाईंच्या एकाच डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याने अंधूक दिसतं. कुठलं तिकीट काढू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, आधी फोरडीएक्सवर काट मारा. खुर्ची गदागदा हलते, पाठीत गुद्दे बसतात, तोंडावर पाणी उडतं. मुलगा खूश होईल, सासूबाई मध्यंतरातच रिक्षा बोलवायला लावतील.

राहिले दोन. मी बरीच वर्षं थिएटरात ऑपरेटर होतो. १९९८मध्ये 'छोटा चेतन' लावला (१९८४च्या मल्याळम 'माय डिअर कुट्टिचातन'चा हिंदी अवतार), तेव्हा चष्मे गोळा करून पुसण्यातच आमचा जीव जायचा. तेव्हापासून एक कळलंय : थ्रीडीचा खरा वैरी अंधार. टूडीसाठी पडद्यावर १४ फूट-लँबर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचं माप) उजेड हवा, असा दंडक आहे. थ्रीडीत प्रोजेक्टरपुढचा फिल्टर आणि तुमचा चष्मा मिळून एवढा प्रकाश खातात, की बऱ्याचदा चार-पाचावर भागवावं लागतं. म्हणून पाटीवरच्या नावापेक्षा प्रोजेक्टर जास्त उजेड देणारा, म्हणजे लेझरचा आहे का, ते विचारा.

आयमॅक्सचा पडदा मोठा, पण त्यांच्या बऱ्याच थिएटरांत सरळ ध्रुवीकरणाचे (म्हणजे ठरावीक दिशेने कंप पावणाराच प्रकाश आत सोडणारे) चष्मे असतात. त्यात मान ताठ ठेवावी लागते, नाहीतर चित्र दुहेरी दिसतं. माझी नात खांद्यावर डोकं टेकवून बघत होती, मध्येच म्हणाली, "आजोबा, सगळ्यांना दोन-दोन नाकं!" साध्या थ्रीडीत बऱ्याचदा मिळणाऱ्या रियलडी कंपनीच्या चष्म्यात ध्रुवीकरण वर्तुळाकार असतं, मान थोडी कलली तरी चालतं. चष्मा ओळखायचा तर तो घालून आरशासमोर एक डोळा मिटा. आरशात उघड्या डोळ्यावरची काच काळी दिसली तर वर्तुळाकार, मिटलेल्यावरची काळी दिसली तर सरळ.

तुमचा मुलगा खुर्चीत नीट बसणारा नसेल, तर लेझरवालं साधं थ्रीडी घ्या. खुर्च्या मधल्याच धरा. ध्रुवीकरणाला चंदेरी पडदा लागतो आणि तो कडेला बसणाऱ्यांना काळवंडलेला दिसतो.

सासूबाईंचं मात्र वेगळं. थ्रीडी म्हणजे दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं. त्यांचा एक डोळा अंधूक, म्हणजे चित्रातली खोली (काय जवळ, काय लांब) त्यांना जवळपास जाणवणारच नाही. जादा पैसे मोजून काळोखा टूडी बघितल्यासारखं होईल. दुसरं ऑपरेशन होईपर्यंत त्यांना टूडीलाच न्या. आणि नातवासोबतच जायचा हट्ट असेल, तर तिघांचीही तिकिटं टूडीची काढा.