नागपूरच्या सपाटीवरून मनाली-लेह

प्रश्न: मी रोज फुटाळ्यापर्यंत सायकल मारतो, जुलैमध्ये मनाली-लेह करायचंय पण नागपुरात घाटच नाही, सराव कसा करू?

उत्तर: सेमिनरी हिल्सचा चढ रोज आठ-दहा वेळा मारा, आणि महिन्यातून एकदा परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट, तोही सामान लादूनच, रिकाम्या सायकलवर खरा अंदाज येतच नाही. पण दम इथे कमावता येतो, उंचीची सवय नाही हो, आपण 300 मीटरवरचे लोक आणि वाटेतली टांगलांग ला ही खिंड 5,300 च्याही वर, म्हणून 3,000 मीटरच्या पुढे रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा 500 मीटरहून जास्त वर नको. डोकं ठणकतंय, उलट्या होतायत तर प्लॅन सोडा आणि खाली उतरा, हे अगदी कळकळीने सांगतेय. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका, रिम तापते.